तूस आधी की भात?

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके बहुतेकांनी झोपेत पाहिलेले असतात. नाशिकला जाणारा शहापुरात पेंगत असतो आणि माळशेजला जाणारा मुरबाडात. जाग येते ती घाट लागून कानाला दडे बसले की. मीही त्यातलीच. पण दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या पौषात मी तिथे चार-पाच दिवस चांगली टक्क जागी राहिले. त्या दिवसांत माझं काय हरवलं आणि काय सापडलं, ते सांगायला बसले आहे.

मी सोलापूरची. तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी. करायची हौस आली, तेव्हा घरच्यांनी हात टेकले आणि कॉलेजातल्यांनी भुवया उंचावल्या. विषय घेतला एक्स-रे जोडताऱ्यांचा. हे काय असतं ते मी भाजीवालीपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय, तुम्हालाही सांगते. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक मेलेला, स्वतःतच कोसळून कृष्णविवर झालेला. दुसरा जिवंत, अंगाने भरलेला. मेलेला हा जिवंताच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. तो वायू गरगरत आत पडताना इतका तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. पण सगळाच काही आत पडत नाही. थोडा भाग तोंडाशी येऊन झोतासारखा बाहेर फेकला जातो, आणि त्या झोतातून रेडिओ लहरी येतात. म्हणजे एक्स-रे सांगतात आत काय चाललंय आणि रेडिओ सांगतो बाहेर काय फेकलं. या दोघांचं आपसात नातं काय, एवढाच माझा प्रश्न.

मी ज्या ताऱ्यामागे लागले होते, त्याच्यासारख्यांत जगभरच्या अभ्यासकांना एक क्रम दिसला होता. आधी एक्स-रे एकदम मंदावतात, म्हणजे तापलेला वायू आत गिळला जातो, आणि मग थोड्या वेळाने रेडिओ भडकतो. आधी घास, मग ढेकर, असं मी वर्गात सांगायची. मुलं हसायची आणि विसरायची नाहीत.

माझ्या नोंदींत मात्र ढेकर आधी आला होता. रेडिओ भडकला आणि पाच तासांनी एक्स-रे मंदावले. एकदा नाही, चार वेळा. एकदा झालं असतं तर मी चूक म्हटलं असतं. चार वेळा झालं म्हणून मी त्याला शोध म्हटलं. माझे मार्गदर्शक मोजकं बोलणारे गृहस्थ. ते फोनवर एवढंच म्हणाले की खात्री असेल तर मांडा. माळशेजच्या वर, नारायणगावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर सोमवारी दुपारी तीन वाजता जाणकारांसमोर मांडायचं ठरलं. इकडे आमच्या कॉलेजात बातमी फुटली, प्राचार्यांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं आणि शाल-श्रीफळाची तयारी सुरू केली. मी वरवर नको नको म्हणत होते. खरं सांगू? रोज येता-जाता तो फळा वाचत होते.

सापगाव

सोमवारचं काम, मग मी शुक्रवारीच का निघाले? तर नंदासाठी. नंदा माझी हॉस्टेलमधली जोडीदारीण. सोलापूरचीच, लग्न होऊन शहापूरजवळच्या सापगावात दिली, आणि शहापूरच्या शाळेत सायन्स शिकवते. वीस वर्षं तिचं एकच पालुपद होतं, की तू माझ्याकडे येत नाहीस. या खेपेला पुण्यावरून सरळ न जाता मी मुद्दाम तिच्या दारावरून फेरा घेतला.

भातसा नदीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला तिचं घर आणि घराला लागून भातगिरणी. गिरणी तिच्या सासऱ्यांची. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही म्हणायला लागले. सत्तरी गाठलेला ताठ माणूस, भुवयांवर कायम कोंड्याची पांढरी पूड. मी नमस्कार केला तर म्हणाले, बस गो बाय, आधी जेव. मी सोलापूरहून शेंगाचटणी आणि दोन चादरी नेल्या होत्या. चादरी बघून घरातल्या बायका खूश झाल्या. चटणीचा पहिला घास घेऊन आप्पांनी लोटाभर पाणी प्यायलं आणि मग रोज जेवताना ती मागून घेतली.

जेवणाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, कडक झाली तर महिनाभर टिकणारी. इथे भाकरी तांदळाची, पांढरीशुभ्र, रुमालासारखी घडी घाला. सोबत वालाचं बिरडं आणि सुकट. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग घरातल्या बायका भात वाढायला आल्या! मी म्हटलं, अहो, तांदूळ भाकरीतूनच गेला की पोटात. त्यावर सगळे माझ्याकडे असे बघत राहिले की मी मुकाट्याने ताट पुढे केलं. भात खाल्ल्याशिवाय इथे जेवण मोजतच नाहीत.

शनिवारी सकाळी आप्पांनी मला गिरणी दाखवली. सुगी होऊन महिना-दीड महिना झालेला, त्यामुळे दाराशी भाताच्या गोणी आणि बायकांची रांग. वर पत्र्याची नरसाळ्यासारखी पेटी, तिच्यात भात ओतायचा. तो खाली यंत्रात पडतो, तिथे टरफल सुटतं. तांदूळ पुढून खाली येतो आणि तूस, म्हणजे ते टरफल, पंख्याच्या वाऱ्याने एका जाड पाइपातून मागच्या भिंतीबाहेर उडतं. बाहेर त्याचा पिवळा डोंगर. तो वीटभट्टीवाले घेऊन जातात, विटा भाजायला.

मी त्या डोंगराजवळ उभी राहिले आणि माझं डोकं आपोआप चालायला लागलं. माझा ताराच होता की हा! आत पडतंय, तापतंय, घरघर होतेय, आणि मागून झोत. आप्पांना सांगितलं तर ते ऐकत उभे राहिले. मग त्यांनी मला दाराच्या चौकटीत आणून उभं केलं, जिथून आतलं ऐकू येतं आणि मागचा पाइपही दिसतो. म्हणाले, कानाने मोज. गोणी ओतली की घरघर जड व्हायची. मी एक, दोन, तीन, चार मोजायची आणि मग पाइपातून तुसाचा लोट जोरात यायचा. दर वेळी असंच. आप्पा नुसत्या आवाजावरून आणि लोटावरून यंत्र कुठे अडलंय ते सांगतात. पन्नास वर्षं ते हेच करत आलेत.

मी मोठ्या रुबाबात सांगितलं की जगाला असंच वाटत होतं, पण माझ्या ताऱ्यात उलटं होतं.

आप्पांनी गिरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हंजे तुझ्या ताऱ्यात तूस आधी उडतं नि भात मागून पडतो?”

“हो.”

“नाय गो बाय. तसं नाय होत.”

झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्यांना बरंच काही ऐकवलं. आकाश म्हणजे गिरणी नव्हे, तिथले नियम वेगळे, चुंबकीय क्षेत्रात आधी ताण साठतो, झोत आधी सुटून आतलं नंतर रिकामं होऊ शकतं, वगैरे वगैरे. आवाज चढला होता माझा. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. आप्पांनी शांतपणे पुढची गोणी ओतली. मी तणतणत घरात आले आणि नंदाने न विचारता चहा दिला.

गिरणीतली आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. गिरणीतलं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे होतं. मला वाटलं बिघडलंय. नंदा म्हणाली, बिघडलेलं नाही, आप्पांनीच पुढे केलंय. दहाला लाइट जायची ती थेट दुपारी दोनला यायची, आणि बायकांना नऊला ये म्हटलं की येणार साडेनऊला. घड्याळ पुढे ठेवलं की सगळ्यांचं दळण वेळेत होतं. अख्ख्या गावाला हे ठाऊक, तरी ते घड्याळ बघून बायका झपझप चालतात. घरातलं घड्याळ मात्र बरोबर होतं.

म्हसा

रविवारी नंदा मला म्हशाच्या जत्रेला घेऊन गेली. मुरबाडच्या पुढे म्हसा, म्हसोबाचं ठाणं, आणि पौषात तिथे बैलांचा मोठा बाजार भरतो. आम्हा सोलापूरकरांना जत्रेचं कौतुक कुणी सांगू नये, आमच्या गड्ड्याच्या जत्रेत काय कमी गर्दी असते! पण गड्ड्यावर आम्ही पाळण्यात बसायला जातो. इथे लोक काम करायला आलेले. खिल्लारी जोड्या, गावठी जोड्या, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, आणि मध्ये दोन म्हातारे एका उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत उभे. तोंडातून शब्द नाही. नंदाने सांगितलं की सौदा चाललाय, भाव बोटांनी ठरतो, भोवतालच्यांना कळू द्यायचा नसतो. दोघांचे चेहरे लाकडी. पण बैलाच्या मालकाच्या पायाचा अंगठा माती उकरत होता. मी म्हटलं, हाही माझाच विषय. आत काय चाललंय ते दिसत नाही, बाहेरच्या खुणांवरून ओळखायचं.

घोंगड्यांच्या पालात मी एक काळी घोंगडी घेतली. सोलापूरच्या बाईने चादर सोडून घोंगडी घेतली हे घरी कसं सांगायचं, यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. गोडी शेव खाल्ली, भजी खाल्ली, परत गोडी शेव खाल्ली. वीस वर्षांचं बोलणं साठलं होतं, ते तिथे पालापालांतून हिंडताना झालं. मी तिला फळ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली की तुला आधीच एवढी भीती का वाटतेय. मी म्हटलं, भीती नाही, उत्सुकता आहे. ती काही बोलली नाही.

आणि मग घड्याळ गेलं. माझ्या मनगटी घड्याळाचा पट्टा जुनाच होता, तो गर्दीत तुटला. घड्याळ खाली पडलं, मी वाकले, तेवढ्यात एका खिल्लाऱ्याने त्यावर खूर ठेवला. काच, काटे, सगळं मातीत. बैलाचा मालक धावत आला, बसला आणि त्याने बैलाचा पाय उचलून खुरात काच शिरली का ते बारकाईने बघितलं. नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला माझी आठवण झाली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बाजारात आलेल्या माणसाने दुसरं काय बघावं? मी उरलेलं घड्याळ रुमालात बांधून घेतलं.

मुरबाड

सोमवारी मला मुरबाडहून नऊची एसटी पकडायची होती, कल्याणहून येऊन घाट चढणारी. ती चुकली असती तर पुढची गाडी मिळून तीनपर्यंत दुर्बिणीवर पोचणं अवघड होतं. नंदा मुरबाडपर्यंत सोडायला येणार होती. शेजारच्याची जीप आप्पांनी सांगून ठेवलेली. घरातल्या घड्याळात साडेसात वाजले तसे आम्ही बाहेर पडलो. आप्पांनी जीपवाल्याला हाक मारून उठवलं. तो डोळे चोळत आला आणि येवढ्या लवकर कुठं, असं काहीतरी पुटपुटला. बाहेर धुकं होतं आणि पुरतं उजाडलंही नव्हतं. पौषातली सकाळ आळशीच असते, असं आम्ही धरून चाललो.

मुरबाड स्टँडवर पोचलो तर झाडूवाली झाडत होती. साडेआठ झालेत आणि चहाचा गाडाही लागलेला नाही म्हणून मला नवल वाटलं. नंदा खिडकीपाशी जाऊन गाडीची चौकशी करून आली ती तोंडाला पदर लावून. हसू दाबत होती.

“अगं, साडेसात वाजलेत फक्त. गाडीला दीड तास आहे.”

मी म्हटलं, असं कसं?

तिने कबूल केलं. तुझं घड्याळ फुटलेलं, तुझी गाडी चुकायला नको, म्हणून झोपण्याआधी तिने घरातलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं होतं. अर्धा तास लवकर पोचू, एवढाच तिचा हिशोब. मग हा दुसरा अर्धा तास कुठून आला? तिने मनातल्या मनात हिशोब केला आणि कपाळावर हात मारून घेतला. “आप्पांनीपण केलं असणार! पाहुणीची गाडी चुकू नये म्हणून. आम्ही दोघांनी केलं आणि एकमेकांना सांगितलंच नाही.”

ती बाकावर बसून खदखदा हसत होती. मीही हसले. आणि हसता हसता मध्येच थांबले.

का, ते सांगते. आकाशाच्या अभ्यासात सगळ्या जगाचं घड्याळ एकच धरतात, ग्रीनिचचं. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. उपग्रहाच्या एक्स-रे नोंदी ग्रीनिचच्या वेळेत असतात. दुर्बिणीवरच्या रेडिओ नोंदी आपल्या वेळेत. दोन्ही जुळवायच्या तर रेडिओच्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. मी ते डोळ्यांत तेल घालून केलं होतं, एकेक आकडा दोनदा तपासून.

पण या चार वेळच्या नोंदी मी स्वतः घेतलेल्या नव्हत्या. तेव्हा परीक्षा चालू होत्या, मला रजा मिळाली नाही. दुर्बिणीच्या कंट्रोल रूममध्ये थोरात म्हणून ऑपरेटर आहेत, भला माणूस, त्यांनी माझ्या वतीने त्या घेतल्या आणि वेळांची यादी छापून सीडीसोबत पोस्टाने पाठवली. त्याआधी एकदा मी स्वतः तिथे गेले असताना तारा गप्प होता, पण मी रात्र रात्र वजाबाक्या करत आणि करवादत बसले होते, ते थोरातांनी बघितलं होतं. चहा आणून देत ते तेव्हा म्हणालेही होते की मॅडम, किती ही कटकट.

कटकट वाचावी म्हणून थोरातांनी साडेपाच तास आधीच वजा करून पाठवले असतील तर? आणि मी पुन्हा वजा केले असतील तर? माझा शोध पाच तासांचा होता, साडेपाच तासांचा नव्हता, म्हणून ही शंका मला कधी शिवलीच नव्हती. आता मी बाकावर बसून बोटांवर मोजलं. रेडिओ साडेपाच तास पुढे सरकवला, तर तो एक्स-रेच्या पाच तास आधी न राहता अर्धा तास नंतर येतो. चारही वेळा. आधी घास, मग ढेकर.

नंदाने विचारलं की काय झालं, पांढरी का पडलीस. मी सांगितलं. तिने हसणं थांबवलं आणि माझा हात धरून ठेवला. चहाचा गाडा लागला, आम्ही दोन-दोन कप प्यायलो, तरी तिने हात सोडला नाही. मी तिला म्हटलं की कदाचित तसं नसेलही, थोरातांना विचारल्याशिवाय काही खरं नाही. असं म्हणताना मला मनापासून वाटत होतं की तसं नसावं. हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही, पण त्या दिवशी वाटत होती.

घाटावर

टोकावडं गेलं, वीटभट्ट्यांचे धूर मागे पडले, घाट सुरू झाला. माळशेज घाटाबद्दल लिहायला हवं, कारण तो सुंदर आहे असं सगळे म्हणतात. असेल. मी मांडीवरच्या फायलीकडे बघत होते. फळ्यासारखे उभे कडे डाव्या-उजव्या हाताला होते एवढं आठवतं. फायलीत चार आलेख होते, ते सगळे साडेपाच तासांनी सरकून उलटे निघण्याची शक्यता होती, आणि सोलापुरात एका फळ्यावर माझं नाव होतं. शेजारच्या आजीबाईंनी मला पेरू दिला. बाळ, गाडी लागते का, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि पेरू खाल्ला. पेरू फार गोड होता.

वर पोचले तर पठारावर त्या मोठमोठ्या जाळीदार ताटल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. आमच्याकडे सूर्यफुलाची शेतं अशी उभी असतात. एक वाजला होता. थोरात कंट्रोल रूममध्येच होते. मी बॅगही खाली न ठेवता विचारलं की त्या यादीतल्या वेळा आपल्या की ग्रीनिचच्या.

त्यांचा चेहरा फुलला. “ग्रीनिचच्या, मॅडम. तुम्हाला परत ती कटकट नको म्हणून मीच सगळे साडेपाच तास वजा करून टाकले.”

इतक्या आनंदाने त्यांनी ते सांगितलं की मी आधी आभार मानले. खरंच मानले. मग खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की मीही वजा केलेत. थोरातांचा चेहरा खर्रकन उतरला. ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले की चूक माझी, यादीवर लिहायला हवं होतं. मी म्हटलं, चूक न विचारणाऱ्याची आहे, मी विचारलं नाही. मला उलटा क्रम इतका आवडला होता की विचारावंसंच वाटलं नाही. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की तेच खरं आहे.

दोन तास होते. थोरातांनी कॉम्प्युटर दिला, स्वतः शेजारी बसले, आणि आम्ही चारही आलेख नव्याने काढले. रेडिओची रेघ साडेपाच तास सरकली आणि एक्स-रेच्या मागे, अर्ध्या तासावर, निमूट जाऊन उभी राहिली. गेला शोध! मी दोन मिनिटं डोळे मिटून बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा चारही आलेख पडद्यावर शेजारी शेजारी होते आणि मला काहीतरी दिसलं. एक्स-रे पहिल्या वेळी थोडाच वेळ मंद राहिले होते, तिथे रेडिओ जेमतेम उचलला होता. तिसऱ्या वेळी बराच वेळ मंद होते, तिथे रेडिओ केवढा तरी भडकला होता. दुसरा आणि चौथा मधले, आणि त्यांचे भडकेही मधले. जितका वेळ आतलं रिकामं, तितका बाहेरचा झोत मोठा. उलट्या क्रमात रेघा एवढ्या लांब लांब होत्या की कुठला भडका कुठल्या मंदीचा, हे शेजारी ठेवून बघायचं मला सुचलंच नव्हतं. मी थोरातांना दाखवलं. ते म्हणाले, मॅडम, चारच आहेत. बरोबरच होतं त्यांचं. चारांवरून शोध काढू नये, हे मी तासाभरापूर्वीच शिकले होते.

तीन वाजता मी उभी राहिले. पहिलंच वाक्य म्हणाले की पत्रिकेवर छापलेलं शीर्षक चुकीचं आहे, आणि का ते सांगितलं. थोरातांचं नाव घेतलं नाही, फक्त एवढंच की वजाबाकी दोनदा झाली. मग मागच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ हसले. म्हणाले की तरुणपणी याच साडेपाच तासांनी त्यांचे दोन महिने खाल्ले होते, आणि आपल्या देशात या कामात पडलेला माणूस एकदा तरी या खड्ड्यात जातोच. खोली हसली. पुढे मी अर्ध्या तासाच्या मागेपणाबद्दल बोलले आणि शेवटी ते चार आलेख दाखवून, चारच आहेत असं दोनदा बजावून, लहान-मोठ्या भडक्यांचं सांगितलं. माझे मोजकं बोलणारे सर उठून पुढे आले. म्हणाले, “यावर लिहा. आणखी नोंदी घ्या.”

मी जागेवर बसले तेव्हा थोरात मागे दारात उभे होते. त्यांनी मला चहाचा कप दाखवला.

पुन्हा सापगाव

उतरताना मंगळवारी मी वाट वाकडी करून पुन्हा सापगावला गेले. या वेळी घाट बघितला. सुंदर आहे, लोक खोटं सांगत नाहीत.

घरी पोचले तर घरातलं घड्याळ पुन्हा बरोबर झालेलं. नंदाने आप्पांची आणि आप्पांनी नंदाची पुरेशी थट्टा केली होती. मी बॅग ठेवली आणि गिरणीत गेले. दुपारची वेळ, लाइट नुकतीच आलेली, दोनच बायका रांगेत. आप्पा पट्टा तपासत होते. मी त्यांना सांगितलं की आप्पा, तुमचं बरोबर होतं, भात आधी आणि तूस मागून, आमचीच वजाबाकी दोनदा झाली. कशी ते सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली, घड्याळाचं तर फारच. मग मी म्हटलं की शनिवारी मी तुमच्यावर आवाज चढवला, रांगेतल्या बायकांसमोर, ते चुकलं माझं.

आप्पांनी हात पुसले. “त्याचं काय येवढं. तू चिडलीस ना, तेवाच मी समजलो.”

“काय समजलात?”

“तुला सोताला पन पटलं नवतं.”

मी भीती नाही म्हटल्यावर जत्रेत नंदा गप्प का बसली तेही मला तिथे, त्या घरघरीत उभं राहून कळलं. आप्पांनी रांगेतल्या बाईची गोणी उचलून वर ओतली. घरघर जड झाली. मी मोजायला लागले, एक, दोन, तीन, चार, आणि मागे पाइपातून तुसाचा लोट उडाला.